राजापूर बंदर : तुमच्या आठवणीतलं लिहा

राजापूर म्हटलं की बाहेरच्यांना जमिनीतून अधूनमधून प्रकटणारी गंगा आठवते, फार तर राजापुरी पंचे. हे कोकणातलं नावाजलेलं बंदर होतं म्हटलं की विचारतात, "तिथे समुद्र कुठाय?" समुद्र नाहीच. जैतापूरच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबतं आत येत, अर्जुना नदीतून पेठेपर्यंत पोचत. घाटावरचा माल अणुस्कुरा घाटाने उतरे. ज्यांचं बालपण, आजोळ, नोकरी इथे झाली, त्यांनी जरूर लिहा. सुरुवात मी करते.

आमचं दुकान पेठेत. अर्जुना आणि कोदवली दोन्ही फुगल्या की पाणी जवाहर चौकात येणार, हे ठरलेलं. आधी कापडाचे गठ्ठे माळ्यावर, मग वह्या, शेवटी देव. दुकानातल्या खांबावर वडिलांनी पुराच्या खुणा खिळ्याने कोरल्यात. एक माझ्या खांद्याला लागते. पूर ओसरला की पाणी हटता हटताच खराटे घेऊन उतरायचं, कारण गाळ ओला असतो तोवरच निघतो, वाळला की भिंत सोडत नाही. याच गाळाने नदी भरत गेली आणि गलबतं यायची थांबली. दर पावसाळ्यात हातात तोच येतो, तेव्हा फार वाईट वाटतं. नदीतला गाळ नेमाने उपसलाच पाहिजे.

○

माझे आजोबा मुंबईहून बोटीने मुसाकाजी बंदराला उतरत आणि तिथून मचव्याने खाडीतून वर येत. ओहोटी असली की मचवा उभा. ट्रंकेवर बसून भरतीची वाट बघायची, भूक लागली की दशम्या सोडायच्या. "घर दिसायच्या आधी चिखलाचा वास यायचा," असं ते सांगत. अजून खाडीच्या कडेला गेलो की तो वास मी मुद्दाम शोधतो.

○

मी इतिहास शिकवायचो. मुलांना इथल्या इंग्रजांच्या वखारीची गोष्ट सांगताना वर्ग चिडीचूप व्हायचा. १६६० साली सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा पडला, तेव्हा राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन माणसं आणि दारूगोळा घेऊन गडावर तोफा डागायला गेला. पुढच्याच वर्षी महाराज राजापुरात उतरले, वखार लुटली, इंग्रजांना कैद केलं. ते सुटले १६६३ मध्ये. नुकसानभरपाईची घासाघीस मात्र पार १६७४ च्या राज्याभिषेकापर्यंत चालली! आपल्या गावाने हे पाहिलंय, हे मुलांना कळायलाच हवं.

○

मी देशावरची, लग्न होऊन इथे आले. एका सकाळी शेजारच्या काकू दारातूनच ओरडल्या, "गंगा आली गो!" सासूबाईंनी चुलीवरचा भात तसाच उतरवला. उन्हाळे गावाला गेलो. आधी गरम झऱ्यावर अंघोळ, मग वर गंगेवर. आदल्या आठवड्यात कोरडी ठणठणीत असलेली चौदाही कुंडं भरलेली होती. साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात, पण हल्ली तिचा नेम राहिलेला नाही. जमिनीच्या पोटात पाणी साठून वक्रनळीसारखं बाहेर पडतं, असं मुलगा समजावतो. पटतं मला. तरी वडाखालच्या मूळ गंगेत ओंजळ बुडवली, तेव्हा सासूबाई रडत होत्या आणि मीही.

○

धोपेश्वरला पावसाळ्यात जा. धूतपापेश्वराच्या देवळाशेजारी मृडानी नदी कोसळत असते, घंटा वाजवलेलीसुद्धा ऐकू येत नाही. लाकडी खांबांना हात लावून बघा, गार असतात.