मालवणात गर्दी टाळून कुठं जायचं? (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

ए-२०१ : नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबं मिळून मालवणला चाललोय. आई पण आहे, गुडघ्यांमुळं तिला फार चालवत नाही. मागच्या वेळी तारकर्ली-देवबाग केलं, पण निम्मा वेळ गाडी लावायला जागा शोधण्यात आणि बोटीचा नंबर यायची वाट बघण्यात गेला. या वेळी निवांत बसता येईल असं काहीतरी हवंय. सी-१०४ च्या काकूंचं माहेर मालवणचं ना? काकू, सांगा की.

बी-३०३ : लई चांगला विषय काढलासा दादा. आम्हालाही जानेवारीत जायचंय. काकू, सगळ्यांसाठी इथंच लिहा.

डी-१०२ : गगनबावड्याकडनं जाणार की राधानगरी-फोंड्याकडनं? फोंड्याकडनं जाणार असाल तर अंधार पडायच्या आत घाट उतरा. दाजीपूरच्या जंगलात गवे रस्त्यावर येतात.

सी-१०४ : जेवणं आटोपली की सविस्तर लिहिते.

सी-१०४ : हां, आता बसले. मालवणात शांतता हवी असेल तर जागेच्या आधी वेळ ठरवा. दिवसाची सगळी गर्दी ठरलेल्या ठिकाणीच असते: सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी सुटतात ते बंदर, रॉक गार्डन, तारकर्ली आणि देवबागचा संगम. पण गावातलाच चिवल्याचा किनारा उजाडताना गाठलात तर तिथं तुम्ही आणि मासेमार, एवढेच असता. नशीब असेल तर रापण बघायला मिळेल. जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर धरून ठेवतात, होडी बाकीचं जाळं समुद्रात अर्धगोल टाकत दुसरं टोक लांब किनाऱ्याला आणते, आणि मग दोन्हीकडून माणसं दोर ओढायला लागतात. जाळं किनाऱ्याला लागायला बराच वेळ जातो. पोरांना तिथं नुसतं उभं करू नका. विचारलंत तर दोराला हात लावू देतात. फक्त मासळी वर आल्यावर फोटोसाठी जाळ्यावर पाय देऊ नका. मोठ्या यांत्रिक जाळ्यांपुढं रापणीला मासळी कमी पडायला लागलीय, त्यामुळं त्या सकाळी जे काही मिळतं ते त्या सगळ्या माणसांत वाटून जायचं असतं.

बी-३०३ : हे माहितीच नव्हतं काकू. आम्ही चिवल्याला दुपारी गेलो होतो, ऊन ऊन करत परत आलो.

सी-१०४ : दुपारी समुद्रावर कुणी मालवणी माणूस जात नाही गं. दुपार झोपायची नाहीतर धामापूरची. ए-२०१ दादा, तुमच्या आईंसाठी मी पहिलं नाव धामापूरचंच घेईन. कुडाळ-मालवण रस्त्यावर आहे, मालवणपासून अर्ध्या तासात पोचता. तलाव १५३० सालचा, विजयनगरच्या काळात नागेश देसाई यांनी बांधवून घेतलेला. २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली. दोन डोंगरांच्या मध्ये बांध घालून पाणी अडवलंय, आणि काठालाच भगवतीचं देऊळ. देवळात बसलं तरी पाणी दिसतं. मला विचाराल तर मालवण तालुक्यातली सगळ्यात सुंदर जागा हीच, आणि समुद्र बघायला आलेली माणसं तिच्यावरून गाडी न थांबवता जातात याचं मला फार वाईट वाटतं. तिथनं कर्ली नदी ओलांडून पलीकडं वालावलला लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे, जुनं, लाकडावर कोरीव काम असलेलं, शेजारी तळं. दोन्ही मिळून एक दुपार छान जाते.

ए-२०१ : वा काकू. आईला वाचून दाखवलं. ती म्हणते किल्ला मी बघितलाय, मला देवळात बसू दे.

बी-१०१ : किल्ल्यावरनं आठवलं. सिंधुदुर्ग आपल्या करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानाकडं होता बरं का. १८१२ च्या तहात मालवण इंग्रजांकडं गेलं. नातवंडांना सांगा, आपण परक्या गावी चाललो नाही.

सी-१०४ : अगदी खरं सर. आणि किल्ला नुसता बोटीत बसूनच बघायचा असं नाही. दांडीच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. एक खडक, त्यावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी किल्ल्याच्या कामाचा मुहूर्त केला तो इथं पूजा करून. बंदरावर रांग लागलेली असते आणि इथं बहुतेक वेळा कुणी नसतं. समोर अख्खी तटबंदी दिसते. मला तर किल्ला आतून बघण्यापेक्षा तिथनं बघायला जास्त आवडतो.

ए-३०१ : काकू, सिंधुदुर्गाजवळच्या त्या छोट्या पद्मगड किल्ल्यावर चालत जाता येतं म्हणे?

सी-१०४ : सुकतीला, म्हणजे ओहोटीला जाता येतं, पण सुकती म्हणजे कधी, हे कळायला हवं. माझे बाबा पाऊणकी लावायचे. तिथीला पाऊणनं गुणा, जे येईल ते पूर्ण भरतीचं घड्याळ. समजा पंचमी आहे, तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती. सुकती त्याच्या साधारण सहा तास आधी किंवा नंतर, म्हणजे दहाच्या आसपास. अष्टमीला सहाला भरती, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या सुमाराला. वद्य पक्षातही तिथी पहिल्यापासूनच मोजायची. घरात कालनिर्णय असलं की झालं. मात्र अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तेव्हा पद्मगडाच्या वाटेला जाऊ नका. पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे जा, तेही दांडीवर कुणाला तरी विचारून, आणि पाणी फिरायच्या आत परत या. हिशेब अंदाजाचा आहे, तिथल्या माणसाचा शब्द त्याच्यावर.

डी-१०२ : कालनिर्णय घेऊन बसलोय. हे लई उपयोगाचं सांगितलंसा.

बी-३०३ : आणि पोहायला, खेळायला मोकळा किनारा?

सी-१०४ : उत्तरेला जा. कोळंबचा पूल ओलांडून सर्जेकोट. गड नदीच्या मुखावर छोटा किल्ला आणि मासेमारीचं बंदर. नदीच्या पलीकडं तळाशील आणि त्याच्या वर तोंडवळी. तळाशील म्हणजे एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये घरं आणि माडांची चिंचोळी पट्टी. तोंडवळीला सुरूचं बन आहे, त्याच्या सावलीत दिवस काढता येतो. पण तिथं जीवरक्षक वगैरे नसतात. पोहायचं तर गुडघाभर पाण्यातच, आणि नदीच्या मुखाशी तर नाहीच. ओढ जबर असते. आणखी वर आचऱ्याला रामेश्वराचं देऊळ. हे गाव काही वर्षांनी एकदा गावपळण करतं, गुरं-कोंबड्यांसकट तीन दिवस तीन रात्री सगळे वेशीबाहेर जाऊन राहतात.

ए-४०२ : काकू, राग मानू नका, पण तळाशीलचं नाव ग्रुपवर नको होतं. मेसेज पुढं जातात. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराचं काय झालं आपण बघितलंय. फुलांवर गाड्या घातल्या लोकांनी. तळाशीलला तसं व्हायला नको.

ए-२०१ : अहो, सगळे तसे नसतात.

ए-४०२ : सगळे नसतात, पण चार गाड्या पुरतात.

सी-१०४ : राग कसला, तुमचं बरोबर आहे. लिहिताना मीही थांबले होते. पण तिथली माणसं घरगुती राहायची सोय करतात, जेवण देतात, त्यांना पाहुणे हवे आहेत. त्यांना नकोय ते वेगळं. म्हणून मी नाव लपवणार नाही, अट घालते. ज्यांना जमणार नाही त्यांनी खरंच तारकर्लीलाच जावं.

गाडी वाळूत घालायची नाही. थंडीत आमच्या किनाऱ्यांवर समुद्री कासवं अंडी घालायला येतात, घरटं वाळूखाली असतं, वरून दिसत नाही. चाक गेलं की संपलं. रात्री किनाऱ्यावर झगझगीत दिवे आणि स्पीकर नकोत, त्याच कारणानं. आणि तळाशीलला तर समुद्र दरवर्षी जमीन खातोय, लोक ती पट्टी जिवापाड जपतात. माडांखालची मोकळी जागा दिसली की ती कुणाचं तरी अंगण असतं. वाळत घातलेलं जाळं, सुकत घातलेली मासळी, सगळं कुणाच्या तरी पोटाचं आहे. विचारून बसा, कुणी नाही म्हणत नाही.

ए-४०२ : मग काकू, मेसेज पुढं पाठवायचा झाला तर हा अटींचाच पाठवूया सगळ्यांनी.

ए-३०१ : आणि स्कूबा?

सी-१०४ : करा की. सकाळच्या पहिल्या फेरीला जा.

ए-२०१ : काकू, धामापूर जातानाच करून टाकू का?

सी-१०४ : कसालवरून वळलात तर ते वाटेत लागत नाही. हायवेनं तसंच पुढं कुडाळपर्यंत जा, तिथनं नेरूरपारवरून धामापूर, मग चौके, मग मालवण. थोडं लांब पडेल, पण आईंना गाडीतून परत वेगळं काढायला नको. वालावलही त्याच बाजूला आहे. कोंबडी-वडे हवे असतील तर घरमालकिणीला आदल्या रात्री सांगून ठेवा, पीठ आधी मळून ठेवावं लागतं.

ए-२०१ : आई विचारतेय, तिरफळं कुठं मिळतील?

सी-१०४ : मालवणच्या बाजारात, वाळलेली. त्यांना सांगा, आतली काळी बी काढून टाकायची, टरफल तेवढं ठेचून बांगड्याच्या कालवणात घालायचं. माझ्यासाठीही पावशेर आणा.