मदत हवी आहे : तिसरीच्या मुलांना आहार शिकवायचाय, पण कुणाच्या घरच्या जेवणाला नावं न ठेवता

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दुसरी-तिसरीचा जोडवर्ग माझ्याकडे आहे. गाव कोरडवाहू, पालक बहुतेक मेंढपाळ नाहीतर मजुरीवर जाणारे. सप्टेंबरात राष्ट्रीय पोषण माह येतो तेव्हा प्रभातफेरी, घोषणा, चित्रकला सगळं होतं. ऑक्टोबर उजाडला की विषय मागे पडतो. मला वर्षभर चालेल असं काहीतरी करायचं आहे, म्हणून हा धागा काढतेय.

अडचण नेमकी कुठे आहे ते सांगते. वर्गात विचारलं, "गाजर खाल्ल्याने काय होतं?" की सगळे एका सुरात ओरडतात, "डोळे चांगले राहतात बाई!" आणि दुपारी खिचडी वाढली की हीच मुलं गाजराचे आणि दुधीचे तुकडे बोटाने वेचून ताटाच्या काठाला ओळीने लावतात. एक मुलगी आधी सगळं निवडून घेते, ताट स्वच्छ पिवळं झाल्यावरच पहिला घास घेते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोजचे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी धरलेली असते. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत असा हिशेब आहे. भाजी काठालाच राहिली तर तो हिशेब कागदावरच राहणार. तक्ता पाठ होतो, ताट काही बदलत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. बाजारात मिळणाऱ्या 'सकस आहार' तक्त्यांवर सफरचंद, द्राक्षं, चीज आणि काचेच्या पेल्यातलं दूध असतं. माझ्या मुलांच्या घरी बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, मटकीची आमटी, शेंगदाण्याची चटणी, पावसाळ्यात रानातली तांदुळजा नाहीतर पाथरी. हे उत्तम जेवण आहे. बाजरीत तांदळापेक्षा कितीतरी जास्त लोह असतं, हुलगा-मटकीत प्रथिनं भरपूर. पण तक्ता बघून पोराला वाटतं की आपल्या घरचं ते गरिबाचं आणि चित्रातलं ते चांगलं. 'उत्कृष्ट डबा' स्पर्धा मी म्हणूनच घेत नाही. ज्याची आई पहाटे कामावर जाते त्याच्या डब्याला सगळ्यांसमोर कमी गुण मिळाले, तर ते पोर त्या दिवशी आहाराबद्दल काय शिकेल?

आतापर्यंत जे चांगलं चाललं ते लिहिते, कुणाच्या उपयोगी पडेल.

मटकीला मोड आणणं सगळ्यात भारी झालं. प्रत्येक गटाने मूठभर मटकी रात्रभर भिजवली, सकाळी ओल्या फडक्यात बांधली आणि खिडकीच्या गजाला गाठोडी टांगली. मुलं दर सुट्टीत फडकं चाचपून बघत होती. मोड आल्यावर पट्टीने मोजले, वहीत चित्र काढलं. मग मावशींनी तीच मटकी वाफवून कांदा, लिंबू, मीठ घालून दिली. काठाला एक दाणा राहिला नाही. "ही माझ्या गटाची" म्हणून चढाओढीने खाल्ली.

आयोडीनचा प्रयोगही रंगला. टिंक्चर आयोडीनचा एक थेंब बटाट्याच्या कापावर टाकला की तो काळानिळा होतो, काकडीच्या कापावर तसा होत नाही. पिठूळ पदार्थ कोणते ते मुलांनी स्वतः शोधलं. (बाटली माझ्याच हातात असते आणि थेंब टाकलेलं काहीही कुणी तोंडात घालायचं नाही, हे आधी बजावते.) मग शेंगदाणा कागदावर चिरडायचा, कागद उजेडात धरायचा; तेलकट डाग आरपार दिसतो. त्यातच एका मुलाने दप्तरातला पाच रुपयांचा चटपटीत पुडा काढला आणि त्यातला तुकडा कागदावर दाबला. डाग शेंगदाण्याच्या डागाहून मोठा पडला! त्यावर वर्गात अर्धा तास चर्चा झाली. शेंगदाण्याच्या तेलाबरोबर प्रथिनं येतात, पुड्यातल्या तेलाबरोबर काय येतं, इथपर्यंत मुलं स्वतः पोचली.

आता तुमच्याकडून मदत हवी आहे ती अशी. पुड्यांचं काय करावं? दुकान शाळेच्या वाटेवर आहे, बंदी घालून लपूनछपून खाणं वाढतं. सकाळी बरीच मुलं नुसता चहा आणि बटर खाऊन येतात. त्याबद्दल आईबापांना न दुखावता कसं बोलायचं? आणि परसबाग : जून ते डिसेंबर मेथी-पालक येतो, फेब्रुवारीनंतर पाणीच नसतं. कमी पाण्यावर मुलांनी जगवता येईल असं काय लावावं? खर्चिक साहित्य सुचवू नका ही विनंती. पाठ्यपुस्तकातलं नको, स्वतः मुलांबरोबर करून बघितलेलं सांगा.

प्रतिसाद (अंगणवाडी सेविका)

ताई, मुलांना वाढायला लावा. आमच्याकडे रोज दोन पोरं 'वाढपी' असतात, गळ्यात रुमाल, हातात पळी. जो वाढतो तो स्वतःच्या ताटातलं वेचत नाही, मी बघितलंय. भाजी निवडायलाही बसवा. मेथीची पानं खुडलेल्या हाताला ती भाजी परकी वाटत नाही.

हात धुण्यासाठी आम्ही हळद आणि तेल करतो. तळहाताला थोडं तेल आणि हळद चोळायची, आधी नुसत्या पाण्याने धुवायला सांगायचं. पिवळं जात नाही. मग साबण लावून बोटांच्या बेचक्यांसकट धुवायला सांगायचं. जंतू दिसत नाहीत पण हळद दिसते, एवढं मुलांना लगेच कळतं.

प्रतिसाद (आहारतज्ज्ञ, पुणे)

तुमचा मुद्दा अगदी पटला. घरच्या जेवणाला कमी लेखून आहारशिक्षण होत नाही.

वेचून ठेवणाऱ्या मुलीची फार काळजी करू नका. नवीन चव आवडायला मुलांना ती आठ-दहा वेळा, काही वेळा त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. आग्रह करू नका, बक्षीस म्हणून गोळी-चॉकलेट तर मुळीच नको. त्याने भाजी म्हणजे शिक्षा आणि गोड म्हणजे इनाम असं डोक्यात पक्कं बसतं. "आज नुसता वास घे", "आज जिभेला लावून बघ" एवढंच म्हणा. मावशींना सांगून गाजर किसून घालून बघा, पण लपवून नव्हे. त्यात गाजर आहे हे मुलांना माहीत असू दे.

चहाचं महत्त्वाचं आहे. चहातले घटक अन्नातलं लोह शोषू देत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तुमची मुलं त्याहून थोडीच मोठी आहेत. चहा बंद करा असं पालकांना सांगू नका. मुलाला भाकरी आधी द्या, चहा द्यायचाच तर तासाभराने, आणि जेवणात लिंबू पिळा, एवढंच सांगा. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. शाळेत आठवड्याला मिळणारी गुलाबी लोहगोळीही जेवणानंतरच द्या, म्हणजे मळमळ कमी होते.

पुड्यांसाठी गणिताचा तास वापरा. रिकामी पाकिटं गोळा करायला सांगा. बिस्किटं, सरबतं यांच्या पाकिटावर साखर ग्रॅममध्ये लिहिलेली असते. साधारण ४ ग्रॅम म्हणजे एक लहान चमचा. तेवढे चमचे साखर मुलांनी कागदावर मोजून ढीग करायचा. ढिगाकडे बघून बोलायचं काम मुलांवर सोडा.

प्रतिसाद (पालक, ठाणे)

आम्ही सोसायटीतल्या मुलांसाठी डोळे बांधून ओळखायचा खेळ घेतो. वास, स्पर्श आणि मग चव. ओवा, कोथिंबीर, चिंच, गूळ, भिजवलेले चणे. माझा मुलगा टोमॅटोला हात लावत नसे, खेळात त्याने चिंचेनंतर टोमॅटो चाखला आणि पुन्हा मागितला. खर्च जवळजवळ शून्य.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वाढपी सोमवारपासूनच सुरू करते. लिंबाचं मावशींशी बोलले, त्यांच्या परड्यात लिंबोणी आहे, त्या रोज चार-पाच द्यायला तयार आहेत. रिकाम्या पाकिटांसाठी वर्गात खोकं ठेवलंय. पालकसभेत चहाबद्दल मी बोलण्याऐवजी एखाद्या आजीला बोलायला सांगावं असं वाटतंय. हुलग्याचं माडगं, बाजरीची आंबील हे सकाळचं खाणं त्यांच्या तोंडून ऐकलं तर घराघरांत जाईल. आज्यांना आठवतंय अजून सगळं.

परसबागेचं मात्र अजून अडलंय. शेवगा आमच्याकडे तग धरतो आणि पाल्याची भाजीही होते, म्हणून कुंपणाला त्याच्या फांद्या लावायचा विचार आहे. पहिल्या उन्हाळ्यात त्या कशा जगवायच्या? बुडाशी मडकं पुरून, त्याला बारीक भोक पाडून वात लावायची, असं ऐकलंय. मुलांच्या हात धुण्याचं पाणीही तिकडे वळवता येईल, पण त्यात साबण असतो, ते चालेल का? ज्यांनी माण-खटाव, आटपाडी, जत अशा भागात हे केलं असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मडकं केवढं, आठवड्यातून किती वेळा भरायचं आणि मे महिन्याच्या सुट्टीत ते कोण भरतं?