नवा ट्यूबा हलका झाला, पण टिकतो का?

पारोळ्याचा बासवाला
मागच्या दिवाळीनंतर आमच्या बँडात तीन बटणांचा कोरा ट्यूबा, म्हणजे खालचे सूर देणारा मोठा पितळी बाजा, आला. पहिली लग्नसराईही पुरी झाली नाही. अमळनेरला वरात ऐन मारुतीच्या पारापाशी आली, नवरदेव घोड्यावर, पोरं नाचतायत, आणि दुसऱ्या बटणाच्या नळीचा डाक (जोडाचं झाळण) सुटला. फुंकलं की सुराऐवजी फुसफुस. रुमाल गुंडाळून मांडवापर्यंत नेलं कसंबसं.

घरी वडिलांचा जुना इंग्लिश बेसन (Besson कंपनीचा ट्यूबा) आहे. त्याच्या भोंग्याची कड जाड तार घालून वळवलेली आहे, बोटाच्या पेरानं वाजवलं की ठण्ण करतो. नव्याची कड अंगठ्यानं दाबली तरी लवते. जुन्यात जिथे वाद्य जमिनीला किंवा मांडीला टेकतं, तिथे वरून पितळेची वेगळी पट्टी जोडलेली. नव्यात तिथेच पहिला पोचा. माझं स्पष्ट मत आहे, हलकेपणाच्या नावाखाली पत्र्यात काटकसर केलीय. बँडवाल्यांनी वजन बघूनच माल घ्यावा.

शहाद्याचा युफोनियम
दादा, मला हे पटत नाही. तुमच्या वडिलांचा बेसन उरला म्हणून तुम्हाला दिसतोय. त्याच काळातली जी कच्ची वाद्यं होती, ती कधीच मोडीत गेली. आणि तुलना कशाशी करताय? जुन्या काळातलं उत्तम वाद्य आणि आजचं सगळ्यात स्वस्त वाद्य.

सुराचं बोला ना. तीन बटणांच्या वाद्यात पहिलं आणि तिसरं एकत्र दाबलं की सूर चढतो, तिन्ही दाबली की आणखी चढतो, कारण जोडीला लागणारी नळी तेवढी लांब नसते. डेव्हिड ब्लेकली यांनी 1874 मध्ये कॉम्पेन्सेटिंग रचना (कमी पडणारी नळी आपोआप जोडणारी) काढली ती याच दुखण्यावर. पण कित्येक वर्षं ती महागड्या वाद्यांतच असायची. आज चार बटणांचा साधा ट्यूबासुद्धा पहिल्या-तिसऱ्याऐवजी चौथ्यावर वाजवता येतो. खालचे सूर जागेवर येतात. ही सुधारणा तुम्ही मोजतच नाही.

पारोळ्याचा बासवाला
चौथ्या बटणाचं मान्य. आमच्याकडे ते असतं तर क्लॅरिनेटवाल्याचं निम्मं गाऱ्हाणं मिटलं असतं. पण वजनाचं उत्तर पत्रा पातळ करणं नव्हे. हेलिकॉन हा खांद्यावर घालायचा गोल ट्यूबा होता, त्यावरूनच अमेरिकन बँडमास्तर सूझाच्या सांगण्यावरून वाद्य बनवणारे पेपर यांनी 1893 मध्ये सूझाफोन केला. चालत वाजवायचं म्हणून आकार बदलला, भार खांद्यावर नेला. धातू उपाशी ठेवला नाही.

शहाद्याचा युफोनियम
आणि 1960 च्या दशकापासून फायबरग्लासचे सूझाफोन आले तेही चालत वाजवणाऱ्यांसाठीच. आवाज पितळेइतका भरत नाही, खरंय. पण मे महिन्यात, हळदीपासून वरातीपर्यंत, चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या गळ्यात पितळेचं धूड देणारे आपणच ना? त्याची पाठ कोण बघणार?

चोपड्याचा बँडमालक
दादा, तुमनं म्हननं खरं शे, पन पैसास्नं काय? डीजेवाल्यांनी अर्ध्या सुपाऱ्या नेल्या. श्रावणात कानबाईच्या मिरवणुका आणि लग्नाचे चार महिने, त्यावर वर्ष काढायचं. भारी वाद्य घेऊन एकाच माणसाच्या हाती देण्यापेक्षा मी स्वस्तातली दोन घेतो. एक दुरुस्तीला गेलं तर दुसरं वाजतं. हा हिशेब चुकीचा वाटत असेल तर सांगा.

जळगावचा दुरुस्तीवाला
तीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून बोलतो. पत्रा जाड की पातळ, एवढ्यावर वाद्य ठरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या नव्या वाद्यांत खरी खोट जोडणीत असते. नळी जागेवर बसत नाही, मग ती ओढून ताणून बसवतात आणि तशीच डाक लावून टाकतात. नळी कायम सुटायला बघते. उन्हात तापते, ट्रॉलीत हादरे खाते, एक दिवस डाक सोडते. जाड पत्रा असला तरी हेच होणार.

पिस्टन (बटणाखाली वरखाली होणारे दट्टे) बघायचे असतील तर त्या बटणाची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, बटण न दाबता थोडी बाहेर ओढा, क्षणभर थांबा, मग बटण दाबा. 'पक्' असा आवाज आला तर पिस्टन घट्ट आहे. आला नाही तर हवा गळतेय, मग वाद्य कितीही वजनदार असो. दुकानातच ही परीक्षा करा, चोपड्याच्या दादांच्या स्वस्त वाद्यांचीसुद्धा. दोन घ्यायची तर दोन्ही 'पक्' करणारी घ्या.

जुन्यालाही डोक्यावर घेऊ नका. माउथपीसच्या पुढच्या नळीवर गुलाबी ठिपके दिसले की समजायचं, पितळेतलं जस्त निघून गेलंय आणि तांबं उरलंय. लाळ आणि घाम वर्षानुवर्षं तेच करतात. अशी नळी मी घासली की बोट आत जातं.

पारोळ्याचा बासवाला
आत्ताच बेसन पुसून बघितला. माउथपीसपासून वीतभर अंतरावर तीन ठिपके आहेत, गुलाबीच. मी ते कळकलेलं पितळ समजत होतो. नव्याचं मात्र मी मागे घेत नाही, कड लवते ती लवतेच.

जळगावचा दुरुस्तीवाला
गुरुवारी दोन्ही घेऊन या. बेसनची ती नळी बदलू, बाकी अंग चांगलं असेल. नव्याचा उरलेला डाक तुमच्यासमोर तापवतो. नळी मोकळी झाल्याबरोबर बाजूला उडाली तर ती ताणून बसवलेली होती. जागेवरच राहिली तर पत्र्याबद्दल तुमचं म्हणणं मी इथेच मान्य करीन.