प्रोपोलिस, मध आणि वनस्पतींमधील पॉलिफेनॉल: प्रयोगशाळेतील गुण शरीरात कितपत उतरतात?

प्रश्न

माझी आई (वय ६२) गेल्या काही महिन्यांपासून रोज प्रोपोलिसची एक कॅप्सूल आणि दोन मोठे चमचे मध घेत आहे. बाटलीसोबतच्या माहितीपत्रकात फळांच्या कित्येक पट अँटिऑक्सिडंट शक्ती असल्याचा आणि दाह कमी होत असल्याचा दावा आहे. थोडे वाचल्यावर असे दिसले की पेशींवरील प्रयोग खरोखरच झालेले आहेत, त्यामुळे सगळे थोतांड आहे असे म्हणून मला ते सोडून देता येत नाही. मात्र तिने फळे खाणे जवळजवळ बंद केले आहे, याची मला काळजी वाटते. शिवाय रक्तात लोह कमी असल्याने तिला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण वाचलेले प्रयोग खरे आहेत. मधमाश्या झाडांच्या कळ्यांवरून आणि सालींवरून राळ गोळा करून पोळ्यातील फटी बुजवतात, ते प्रोपोलिस. त्यात गॅलँगिन, पिनोसेंब्रिन, क्रायसिन यांसारखे फ्लेव्होनॉइड (पॉलिफेनॉल या वनस्पतिजन्य संयुगांचा एक गट) असतात आणि पॉप्लर झाडांपासून आलेल्या प्रोपोलिसमध्ये कॅफिक आम्लाचे फेनेथिल एस्टरही असते. दाह चालू करणारा एनएफ-कप्पा-बी हा पेशीतील घटक हे एस्टर रोखते, असे १९९६ मध्ये दाखवले गेले.

अडचण त्यापुढे आहे. काचेच्या बशीतील पेशींवर हे पदार्थ बहुधा दहा ते शंभर मायक्रोमोलर (द्रावणातील प्रमाणाचे एकक) इतक्या तीव्रतेने घातले जातात. तेच आपण गिळतो तेव्हा आतड्याची भिंत आणि यकृत त्यांना लगेच ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून टाकतात, आणि बहुतेक पॉलिफेनॉलची मूळ स्वरूपातील मात्रा रक्तात एक मायक्रोमोलरच्याही खाली राहते. जे शोषले जात नाही ते मोठ्या आतड्यात जाते, तेथील जिवाणू त्याची मोडतोड करतात, आणि त्यातून तयार झालेली लहान आम्ले रक्तात पोहोचतात. म्हणजे पेशींना भेटणारा पदार्थ अनेकदा बशीत तपासलेला नसतोच. अँटिऑक्सिडंट शक्तीचे ओरॅक नावाचे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकले, तेही याच कारणासाठी: परीक्षानळीतील मापाचा माणसाच्या आरोग्याशी थेट संबंध लावता येत नव्हता.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण मधाचा हिशेब स्वतंत्रपणे मांडायला हवा. दोन मोठे चमचे म्हणजे साधारण ४० ग्रॅम मध, आणि त्यातील सुमारे ३२ ग्रॅम निव्वळ साखर असते. फेनॉलिक संयुगे (पॉलिफेनॉल आणि त्यांच्या जातीची संयुगे) मात्र काही मिलिग्रॅमपासून फार तर दहाच्या काही पट मिलिग्रॅमपर्यंतच. गडद मधात ती अधिक असतात हे खरे, पण ती मोजण्याच्या नेहमीच्या चाचणीत पिवळे अभिकर्मक निळे होते आणि हा निळेपणा थोडाफार साखरेमुळेही येतो, म्हणून मधाचे आकडे फुगलेले निघू शकतात. तुलनेसाठी सांगतो, एका कप कॉफीत क्लोरोजेनिक आम्ले ही फेनॉलिक संयुगेच शंभर मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतात, आणि १०० ग्रॅम कांद्यात क्वेर्सेटिन हे फ्लेव्होनॉइड साधारण २० ते ५० मिलिग्रॅम सापडते. पॉलिफेनॉलसाठी मध खाणे मला पटत नाही; आवडतो म्हणून थोडा खाणे निराळे.

माणसांवरील पुरावा आहे, पण तो माफक आहे. ऑलिव्ह तेलातील पॉलिफेनॉल रक्तातील मेदाचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करतात, हा दावा युरोपीय संघाने २०१२ मध्ये मान्य केला, पण २० ग्रॅम तेलात किमान ५ मिलिग्रॅम हायड्रॉक्सिटायरोसोल वर्गातील संयुगे असावीत, अशी अट घालूनच. कोकोच्या फ्लेव्हॅनॉलची (हेही एक प्रकारचे पॉलिफेनॉल) २१,००० हून अधिक वयस्कांवरील मोठी चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या मुख्य निकषात, म्हणजे हृदय व रक्तवाहिन्यांच्या एकूण विकारांत, दिसलेली घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस ठरली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. मला हा निकाल आशादायक वाटतो, पण त्यावरून फळे-भाज्या बाजूला सारून कॅप्सूल घ्यावी असे कोणालाही म्हणता येणार नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मधाचा हिशेब आईला वाचून दाखवला, तिला तो पटला. कॅप्सूलमुळे काही अपाय होऊ शकतो का? लोहाच्या गोळ्यांचे काय करावे?

प्रतिसाद ३

प्रोपोलिसचा सर्वांत परिचित अपाय म्हणजे ॲलर्जी. मधमाश्या पाळणाऱ्यांच्या हातांवर त्यामुळे इसब उठल्याची उदाहरणे जुनी आहेत, आणि तोंडावाटे घेणाऱ्यांना ओठ सुजणे किंवा तोंडात फोड येणे असा त्रास होऊ शकतो. असे काही दिसल्यास कॅप्सूल लगेच थांबवावी. परागकणांची ॲलर्जी किंवा दमा असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये. शिवाय प्रोपोलिसचे घटक झाडांनुसार बदलतात, त्यामुळे एका उत्पादनाचा अनुभव दुसऱ्याला लागू होत नाही.

अर्कांची मात्रा हाही गंभीर विषय आहे. चहा पिण्याने जे होत नाही, ते हिरव्या चहाच्या गाढ अर्काने होऊ शकते: त्यातील ईजीसीजी नावाचे पॉलिफेनॉल पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेतल्यास यकृताची एन्झाइमे वाढू शकतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवले.

लोहाचा मुद्दा आपण विचारलात हे बरे झाले. चहा-कॉफीतील फेनॉलिक संयुगे आतड्यात लोहाला धरून ठेवतात आणि त्याचे शोषण बरेच घटवतात. म्हणून गोळी चहा-कॉफीसोबत घेऊ नये, मध्ये किमान एक-दोन तासांचे अंतर ठेवावे. क जीवनसत्त्व असलेले फळ मात्र वनस्पतिजन्य लोहाच्या शोषणाला मदत करते, तेव्हा आईंची बंद झालेली फळे पुन्हा सुरू करायला हे एक चांगले कारण आहे. कॅप्सूलची बाटली पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर दाखवावी, विशेषतः त्या रक्त पातळ करणारे औषध घेत असतील तर.