कस्टम रायफल ही हौस नाही, मापाचा प्रश्न आहे

शिसमवाला_बाप
परवा माझ्या रायफलच्या फोटोखाली एकानं लिहिलं, "सुताराकडनं रायफलचा स्टॉक, म्हणजे खांद्याला-गालाला टेकणारं लाकूड, करून घेणं ही बापाची हौस, पोरीचा खेळ नव्हे. ऐपत असेल तर जर्मन रायफल घ्या, नसेल तर दुसरा खेळ बघा." दोन दिवस गप्प बसलो, पण ते ऐपतीचं वाक्य डोक्यातनं जाईना, म्हणून आज सविस्तर लिहितो.

पोरगी १३ वर्षांची, उंची चार फूट दहा इंच. क्लबची मॅच रायफल धरली की बट प्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारी मागची पट्टी, पूर्ण आत घेऊनपण लांब पडायची, गाल टेकवायला मान पुढं काढायची, आणि बोटाचं पेर ट्रिगरवर पोचायचंच नाही. बोट ताणून ओढायची, मग चार-पाच शॉटला एक बाजूला जाणारच. सगळे म्हणायचे ट्रिगर सुधार. अहो, बोटच पोचत नाही तर सुधारणार काय? दहा मीटरवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, मोहरीच्या दाण्याहून बारीक.

म्हणून देशी पीसीपी, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालणारी एअर रायफल घेतली, पॉइंट १७७ इंच छऱ्याची, ताकद २० जूलच्या आतली, लायसनचा प्रश्न नाही. बॅरल, सिलिंडर, ट्रिगर कशाला हात लावला नाही, फक्त लाकूड बदललं. पुठ्ठ्याचे साचे कापले, मुठीला एमसील लावून पोरीच्या हाताचा ठसा घेतला आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अण्णांकडं गेलो. वय सत्तरच्या पुढं, आयुष्यभर मागाचे धोटे, म्हणजे आडवं सूत घेऊन पळणारी लाकडी शटल, केलेला माणूस. त्यांनी ठसा हातात घेतला, डोळे मिटून त्यावर बोटं फिरवत बसले आणि म्हणाले, "पोरीला आणा. दाबताना मूठ आवळलीय तिनं, हे तिचं माप नव्हं." मी गार. पहिली फळी वखारीतनं ओलीच मिळाली होती, मे महिन्यात मधोमध तडकली, तीन महिन्यांचं काम गेलं. दुसरी शिसमची, जुन्या दाराच्या चौकटीची. सगळं मिळून चौदा महिने गेले. आज रायफल ४.४ किलो भरते, पोरीची मान सरळ राहते. याला हौस म्हणायचं असेल तर म्हणा.

दहा_पॉइंट_नऊ
ती कमेंट माझीच. ऐपतीचं वाक्य मागं घेतो, तसं लिहायला नको होतं. बाकी एक अक्षर मागं घेणार नाही.

पोर १३ ची आहे, वाढतेय. वर्षभरात दोन-तीन इंच उंची वाढली की तुमचं शिसम काय करणार, ताणणार? जगभर शूटर लाकडावरनं ॲल्युमिनियमच्या स्टॉककडं गेले ते दिसायला भारी म्हणून नाही, किल्ली फिरवली की गाल वर, बट मागं, मूठ तिरकी, सगळं बदलतं म्हणून गेले. आणि खरा मुद्दा, या सगळ्याला किती महिने गेले? चौदा ना? त्या चौदा महिन्यांत पोरीनं पेलेट, म्हणजे छर्रे, किती मारले? मॅचला सव्वा तासात ६० शॉट उभं राहून मारायचे असतात. ते पायांनी आणि कंबरेनी मारले जातात, लाकडानं नाही. माझ्याकडं एक पोरगा जुन्या रायफलला गादीच्या कापसाची गुंडाळी चिकटवून गाल टेकवायचा, रोज भिंतीकडं तोंड करून अर्धा तास नुसती रायफल धरून उभा राहायचा. तो स्टेटच्या स्पर्धेला गेला. आधी उभं राहायला शिका, मग रंधा हातात घ्या.

शिसमवाला_बाप
सर, तुमच्या पोराला कापूस चिकटवावा लागला म्हणजे माप चुकलेलंच होतं ना? तुम्ही कापसानं केलं ते मी लाकडानं केलं. आणि पोरगी त्या चौदा महिन्यांत क्लबच्याच रायफलवर रोज सरावाला होती, घरी बसवली नव्हती. रंधा मी धरत होतो, ती नाही.

रॅपियर_१९८४
मला वेगळंच विचारायचंय. धोटे करणारे अण्णा अजून आहेत? आमच्या घरी आठ माग होते. रॅपियर, म्हणजे नवे माग आले, त्याला धोटा लागतच नाही, मग धोटेवाल्यांचं काम गेलं ते गेलंच. त्या लोकांचा हात काय होता, एका बाजूला गुंजभर वजन जास्त झालं तरी ओळखायचे, कारण धोटा वाकडा पळाला की सूत तुटलंच. असला हात रायफलच्या मुठीला लागला तर मला तरी नवल वाटत नाही. मात्र शिसम जड पडतं, सागवान घ्यायला पाहिजे होतं.

जुळे_सोलापूर
सागवान मऊ असतं वो, मुठीला घाम लागून लागून काळं पडतं आणि कोपरे दबतात. बाहेर अक्रोड वापरतात, तो हलका आणि वळत नाही. पण आपल्याकडं एप्रिल-मेला ४२-४३ डिग्री, पावसाळ्यात दमट, इथं कुठलंही लाकूड हलणारच. लाकूड हललं की ॲक्शन, म्हणजे रायफलचा लोखंडी भाग, बसते ती जागा हलते आणि झिरो, म्हणजे लावून ठेवलेला नेम, सरकतो. जुनी चौकट वापरली हे मात्र शहाणपणाचं केलं.

रॅपियर_१९८४
आमच्या वाड्याचे सागवानी खांब शंभर वर्षं तसेच उभे आहेत, आम्हाला लाकूड शिकवू नका.

जुळे_सोलापूर
खांबावर गाल टेकवून नेम धरत नाही कुणी.

पूर्व_भाग
तुम्ही लोक धोट्याचं एवढं कौतुक करताय म्हणून लिहितो. माझे वडील बारा-बारा तास मागावर होते. एकदा धोटा मागातनं उडाला आणि डोळ्याच्या खाली लागला, इथं हाडावर. डोळा वाचला, पण पुढं त्या बाजूनं नीट दिसलं नाही त्यांना. दुसऱ्या दिवशी मालकानं त्यांच्या जागी दुसरा माणूस उभा केला. आणि इथं मालकाची पोरं "आमचे आठ माग" म्हणून आठवणी काढतायत. त्या आठ मागांवर उभं कोण होतं ते पण लिहा की.

रॅपियर_१९८४
मी कुणाच्या वडिलांबद्दल काही बोललो नाही. आमचे वडील स्वतः पण मागावर उभे राहायचे, उगाच मालक-बिलक करू नका. तुमच्या वडिलांचं वाईट वाटलं, मनापासून. पण मी कारागिराचं कौतुक केलं, मालकाचं नाही.

पूर्व_भाग
ठीक आहे. कारागिराचं असेल तर माझं भांडण नाही. अण्णांना पैसे नीट दिले का तेवढं सांगा शिसमवाले.

शिसमवाला_बाप
दिले. त्यांनी सांगितले तेवढे, आणि तडकलेल्या फळीच्या मजुरीचे पण, कारण फळी मी आणली होती.

नेमबाजाची_आई
लाकडात अडकलात सगळे. आमचं दुखणं ऐका. आम्ही मॅचसाठी पुणे, बालेवाडीला जातो. रात्रीची गाडी, सोबत पोर आणि रायफलची पेटी, स्टेशनावर प्रत्येक जण विचारतो पेटीत काय आहे. कोल्हापूरनं नेमबाज तेजस्विनी सावंत दिली, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ आणलं. तो पोरगा पण नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला, म्हणजे घर सोडावंच लागलं. सोलापूरच्या पोरांनी किती सोडायचं?

आणि दादा, एक कामाचं सांगते. हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघा. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर मॅचला चालत नाही. आमची सेकंडहँड होती, विकणाऱ्यानं तारखेवर स्टिकर लावला होता. चेकिंगला ते निघालं. पोर तिथंच रडायला लागली.

शिसमवाला_बाप
ताई, आमचा सिलिंडर नवीन आहे, पण आज घरी गेल्यावर परत बघतो.

दहा_पॉइंट_नऊ सर, तुमचा वाढत्या वयाचा मुद्दा राहिला होता. बट प्लेटच्या मागं सहा-सहा मिलिमीटरच्या चार पट्ट्या बसतील एवढी जागा ठेवलीय, लांब बोल्टसकट. सध्या एकच लावलीय. गालाची फळी दोन दांड्यांवर वर-खाली होते, त्या दांड्या अक्कलकोट रोडला लेथवर करून घेतल्या. मूठ वेगळी आहे, हात मोठा झाला की तेवढीच बदलायची.

दहा_पॉइंट_नऊ
हे आधी का नाही लिहिलं? फोटोत अखंड लाकूड दिसत होतं, मला वाटलं एकसंध कोरलंय. पट्ट्या आणि सुटी मूठ असेल तर माझा अर्धा मुद्दा जातो. अर्धाच. उभं राहण्याचा राहतोच, आणि लाकूड उन्हाळ्यात हलतं हे जुळे_सोलापूर यांचं बरोबर आहे. मेमध्ये झिरो रोज तपासा आणि वहीत लिहा.

रविवारी सकाळी रायफल आणि पोरगी दोघींना घेऊन या. वजन माझ्या काट्यावर करतो, साडेपाच किलोची मर्यादा असली तरी १३ वर्षांच्या पोरीला ४.४ पण जड आहे, कंबर मागं ढकलते का ते मला बघायचंय. आणि त्या अण्णांना पण आणा जमलं तर. माझ्याकडं एक डावखुरा पोरगा आहे, सगळं उजव्या हाताचं वापरून वापरून त्याचं मनगट सुजतंय. नसेल जमत तर त्याच्या मुठीचा ठसा मी पाठवतो.

शिसमवाला_बाप
येतो सर. अण्णांना रविवारी जमणार नाही, नातवाकडं जातात. ठसा पाठवू नका, पोरालाच त्यांच्याकडं घेऊन जाऊ.