पप्पांच्या वर्षस्मरणाला साक्ष द्यायचीये, "यातून काय शिकलो" हे काय सांगू?

नगरची_थोरली:
सलाम सगळ्यांना. आम्ही नगरकडचे, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतले. पुढच्या महिन्यात पप्पांचं वर्षस्मरण आहे, उपासना घरीच ठेवलीये, पाळकसाहेब संदेश देणार आणि कुटुंबातर्फे साक्ष मी देणार असं आईने परस्पर सांगून टाकलं. आता आमच्याकडे साक्ष म्हणजे कशी असते माहितीये ना, दुःख आलं, प्रभूने अमुक शिकवलं, हालेलुया, बसा खाली. माझ्याकडे ते "अमुक" नाहीये.

पप्पा एसटीत होते, रिटायर झाले आणि वर्षभरात किडनीचं निघालं. रोज रात्री जेवायच्या आधी कुटुंबप्रार्थना असायची, ते सगळ्या नातेवाइकांची नावं एकेक करून घ्यायचे, आई हळूच म्हणायची आमेन म्हणा आता, कालवण गार झालं. त्या यादीत धाकट्या काकांचं नाव पण रोज असायचं, ज्यांच्याशी प्लॉटवरून कितीतरी वर्षं बोलणं बंद होतं. आता प्रार्थनाच बंद आहे. आई ताटं वाढते, भाऊ मोबाईल बघत जेवतो, कोणी विषय काढत नाही. अशा घरातून मी उठून काय शिकलो ते सांगायचं म्हणजे खोटंच की. काय करू?

आशिष_पुणे:
सिस्टर, बायबलातलं रोमकरांस ८:२८ वाचा. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणाच्याच होतात. त्याची योजना आपल्याला आत्ता कळत नाही पण ती परफेक्ट असते. पप्पा चांगल्या जागी आहेत, साक्ष विजयाची द्या, रडगाणं नको.

गव्हाणी:
आशिषभाऊ राग मानू नका पण हेच वचन मला मिस्टर गेले तेव्हा मातीच्या दिवशीच चार जणांनी ऐकवलं. वचन खरंय, वेळ चुकीची होती. आपल्याकडे मातीला मुलंबाळं, धनदौलत सगळं गमावलेल्या ईयोबाचं "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले" हमखास वाचतात, तो पहिला अध्याय. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो ते मी आजवर एकाही मातीला ऐकलेलं नाही. त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द नाही, तेवढं त्यांनी बरोबर केलं. पुढे तोंड उघडून कारणं सांगायला लागले, तू काहीतरी पाप केलं असशील वगैरे, आणि शेवटी ४२व्या अध्यायात देव त्या मित्रांवरच भडकलाय. म्हणतो माझ्याबद्दल बरोबर बोलला तो ईयोब, तुम्ही नाही. भांडणारा ईयोब हां, देवाची बाजू घेणारे मित्र नाहीत.

थोरलीताई, तुला मी बायबलातल्या रूथच्या पुस्तकाचा पहिला अध्याय सुचवीन. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, नामी परत बेथलेहेमात येते आणि अख्ख्या गावासमोर सांगते की मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी आणली. ही पण साक्षच आहे की, आणि ती शास्त्रात तशीच ठेवलीये, कोणी सुधारली नाही. सून रूथ शेजारीच उभी आहे तरी म्हातारी "रिकामी" म्हणते, दुःखात माणसाला शेजारचं माणूस दिसत नाही हो. मला माझी सून दिसायला फार वेळ लागला.

वसईची_पोर:
मी कॅथलिक त्यामुळे तुमच्या साक्षीचं मला एवढं कळत नाही. आमच्यात घरच्यांना बोलावंच लागत नाही आणि मला तो मोठा आधार वाटतो. मिस्सेत (चर्चच्या उपासनेत) नाव वाचतात, २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळं गाव कबरस्तानात, फुलं मेणबत्त्या, फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत जातात. मम्मी गेली त्या वर्षी मला प्रार्थनेचा एक शब्द सुचत नव्हता तेव्हा मावश्यांनी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हटली, मी नुसती मणी ओढत बसले. तुमच्यात मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत माहितीये, पण दुसऱ्याच्या शब्दांवर टेकायला काय हरकत? साक्षीऐवजी एखादं स्तोत्र वाच ना सरळ. ८८वं बघ, ते शेवटपर्यंत अंधारातच आहे.

जुनी_पुस्तकं:
आशिष यांना उद्देशून. विजयाची साक्ष म्हटलं की पंडिता रमाबाईंचं नाव घेतात म्हणून सांगतो. आईवडील दुष्काळात गेले, १८८०ला भाऊ गेला, १८८२ला नवरा कॉलऱ्याने, पदरात लहान मनोरमा. हे सगळं ख्रिस्ती व्हायच्या आधीचं. आणि ख्रिस्ती झाल्यावर, निराधार बायकामुलींसाठी केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिल्यावर १९२१ला ती मनोरमाही गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं ठरलं होतं. पुढच्या एप्रिलात बाई स्वतः गेल्या. विश्वास होता म्हणून घरातलं मरण टळलं असं काही झालं नाही. बाई शेवटपर्यंत मराठी बायबलच्या भाषांतराचं काम करत राहिल्या, आता याला विजय म्हणायचं की काय ते तुम्ही ठरवा. लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच, १९१९ला नवरा, कवी ना. वा. टिळक गेले, त्यांचं येशूवरचं काव्य ख्रिस्तायन अपुरंच राहिलेलं, ते बाईंनी पुरं केलं.

आशिष_पुणे:
मान्य, पण मग आशा कुठे सांगायची? पुनरुत्थान सांगायचंच नाही का? नुसतं दुःख तर जगातले सगळेच सांगतात.

गव्हाणी:
सांगायचं की. पण लाजर मेला तेव्हा त्याच्या घरी बहिणी मार्था आणि मरीया दोघींनीही येशूला तोंडावर सांगितलं, तू इथे असतास तर भाऊ मेला नसता. तो त्यांना गप्प करत नाही. मार्थाला तो पुनरुत्थानाचं बोलतो, मरीयेजवळ रडतो, आणि मग कबरीकडे जातो. चार दिवस झालेले तरी घाई नाही.

नगरची_थोरली:
सगळ्यांना थँक्यू. आशिषभाऊ तुम्हालाही, पप्पा असते तर तुमच्याच बाजूने बोलले असते 😀 काकांचं नाव यादीत रोज असायचं त्याबद्दल बोलावं असं डोक्यात आहे. काका मातीला आले होते, मूठमाती देऊन सगळे निघाले तरी ते फावडं घेऊन माती सारखी करत होते, कोणाशी बोलले नाहीत. त्यांना तोवर माहीतच नव्हतं की घरात रोज त्यांचं नाव निघायचं. धडा बिडा काही काढत नाही, झालं तेवढं सांगते आणि रूथ वाचते.

जुनी_पुस्तकं:
छान. पण आधी काकांना फोन करून विचार, चालेल का म्हणून. भरल्या घरात चारचौघांत आपलं नाव निघालेलं सगळ्यांना सोसत नाही, आणि तिकडून प्लॉटचा विषय निघाला तर पाळकसाहेबांचा संदेश बाजूलाच राहायचा.