‘ताठरणे’, ‘कडकपणा’ आणि ‘आखडणे’ : स्पॅस्टिसिटीला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : आनुवंशिक स्पास्टिक पॅराप्लेजिया (दोन्ही पाय हळूहळू ताठर व अशक्त करणारा आनुवंशिक विकार) याविषयीची माहिती मराठीत लिहिताना मी ‘स्पॅस्टिसिटी’साठी, म्हणजे त्यातील स्नायूंच्या वाढलेल्या ताणासाठी, ‘कडकपणा’ हा शब्द योजला, पण पार्किन्सनच्या आजारातील ‘रिजिडिटी’लाही तोच लावला जातो. दोहोंसाठी वेगळे शब्द सुचवावेत. आयुर्वेदातील ‘ऊरुस्तंभ’ हा शब्द चालेल का?

उत्तर : वेगळे शब्द हवेतच. रिजिडिटीमध्ये सांधा सावकाश वाकवा की झटक्याने, विरोध जवळपास सारखाच जाणवतो. स्पॅस्टिसिटीमध्ये मात्र हालचालीचा वेग वाढेल तसा विरोध वाढतो, आणि ऑस्ट्रेलियन मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० साली मांडलेल्या व्याख्येचा गाभा हाच आहे. त्यामुळे स्थिती सांगणाऱ्या ‘कडकपणा’पेक्षा घडणे सांगणारे ‘ताठरणे’ हे क्रियापद मला अधिक अचूक वाटते. घरात बेताने चालणारा माणूस रस्ता ओलांडताना मागून हॉर्न वाजला की घाई करतो आणि नेमके तेव्हाच त्याचे पाय ताठरतात. गुडघा पुरेसा वाकत नाही, पाऊल उचलले जात नाही, चपलेचे पुढचे टोक फरशीला घासून झिजते, मांड्या एकमेकींकडे ओढल्या जाऊन पावले कात्रीसारखी एकमेकांच्या वाटेत येतात.

‘आखडणे’ हा शब्द स्नायू कायमचा आखूड होऊन सांधा सरळच होत नाही, त्या पुढच्या अवस्थेसाठी राखून ठेवावा. ‘लुळे पाय’ तर पूर्णपणे टाळावे, कारण लुळेपणात स्नायूंचा ताण नाहीसा होतो आणि येथे तो वाढलेला असतो. ‘अर्धांगवायू’ही नको, कारण तो शरीराच्या एका बाजूचा, तर या विकारात मेंदूकडून कण्यात उतरणारे सर्वांत लांब मज्जातंतू आधी झिजत असल्याने दोन्ही पायांना त्रास होतो.

‘ऊरुस्तंभ’ हा शब्द सुंदर आहे, मांड्या जखडल्याचे चित्र तो नेमके उभे करतो; परंतु चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २७व्या अध्यायात त्याची मीमांसा आम (न पचलेला अन्नरस), कफ आणि मेद यांच्या आधारे केली आहे. तोच शब्द येथे लावला तर आनुवंशिकतेचा मुद्दा बाजूला पडून वाचक भलत्याच उपचारांकडे वळण्याची मला खरोखर भीती वाटते.

एक विनंती आहे : ‘ताठरता घालवणे’ असे न लिहिता ‘कमी करणे’ असे लिहावे. अशक्त पायांना कित्येकदा त्या ताठरतेचाच आधार असतो आणि ती कमी करणाऱ्या बॅक्लोफेन या औषधाची मात्रा जास्त झाली, तर उभ्या माणसाचे गुडघे लटपटू शकतात.